रामशेज दिसेपर्यंत

सर तक्रार डोळे मिटून ऐकायचे. आधी चष्मा काढून स्वेटरच्या खिशात टाकायचा, मान जराशी तिरकी करायची, आणि मग डोळे मिटायचे. नवख्या तक्रारदाराला वाटायचं, लागली डुलकी. तो आवाज चढवायचा. सर तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणायचे, "हळू बोला. मला ऐकू येतंय."

हे 'बोला' महत्त्वाचं. एरवी सर साऱ्या कॉलेजला अरे-तुरे करायचे. वर्गात 'गाढवा' याखेरीज दुसरी हाक नसायची, आणि तिच्यात इतकी माया असायची की ज्याच्या वाट्याला ती यायची नाही तो खट्टू व्हायचा. पण तेच गाढव तक्रार घेऊन समोर आलं की सर एकदम अहो-जाहोवर यायचे. "या, बसा. काय म्हणणं आहे आपलं?" निकाल लागला की त्या क्षणी पुन्हा गाढव. असं का, हे विचारायची छाती कुणाची झाली नाही.

सर आम्हाला भूगोल शिकवायचे. कॉलेज नाशकातलंच, गंगापूर रोडच्या अंगाला, फार मोठं नाही. विद्यापीठाच्या निवडणुका आता होतील, मग होतील असं ऐकत ऐकत आम्ही पदवीधर झालो, त्या काही झाल्या नाहीत. पण आमच्या कॉलेजची आपली एक घरगुती निवडणूक दर हिवाळ्यात व्हायची. विद्यार्थी मंडळाचा सचिव निवडायचा. छापलेल्या मतपत्रिका, वर्गावर्गात फिरणाऱ्या पत्र्याच्या पेट्या, चार पानी नियमावली आणि एक तक्रार निवारण समिती. समितीत कागदावर तिघं होते. एक मॅडम नेमक्या त्याच आठवड्यात रजेवर असायच्या, दुसरे सर दाखवाल तिथं सही करायचे. उरले आमचे सर.

त्यांचं न्यायालय गच्चीवर भरायचं. गच्चीवर भूगोल विभागाची हवामानाची उपकरणं होती. झडपांची एक पांढरी पेटी, तिच्यात तापमापक, शेजारी पर्जन्यमापक आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा, जो बरीच वर्षं आडगावकडेच तोंड करून बसला होता. सर रोज सकाळी साडेआठला तिथं नोंद घ्यायचे. रविवारीही. दिवाळीतही. तक्रारी ऐकायची वेळ तीच. रात्री फोनवर तक्रारींचा पाऊस पडायचा, कुणी फोटो पाठवायचं, कुणी लांबलचक आवाज रेकॉर्ड करून पाठवायचं. सर त्यातलं काहीही उघडायचे नाहीत. म्हणायचे, "ती कुरकुर. तक्रार असेल तर थंडीत उठून येईल." नाशकातली डिसेंबरची सकाळ माहीत असलेल्याला यातली गोम कळेल. निम्म्या तक्रारी पांघरुणातच मरायच्या.

जे उरायचे त्यांच्यासाठी दोन नियम होते. नियमावलीत नसलेले, सरांचे स्वतःचे. पहिला असा, की तक्रार हाताने लिहून आणायची, आणि ती मोठ्यानं वाचायची ज्याच्याविरुद्ध आहे त्यानं. त्याचं उत्तर त्यानं तिथंच लिहायचं, आणि ते वाचायचं तक्रारदारानं. आपापला कागद आपण वाचायचा नाही.

दुसरा नियम, निकाल रामशेज दिसल्यावर. गच्चीवरून उत्तरेला रामशेजचा डोंगर दिसतो. हिवाळ्यात गोदेवरून धुकं उठलं की तो गायब होतो, आणि ऊन तापेल तसा हळूहळू, माथ्यापासून खाली, परत येतो. सर त्याच्यावरून धुक्याची नोंद करायचे. डोंगर दिसत नाही तोवर सर 'दृश्यता नाही' असं लिहायचे आणि गप्प बसायचे. दोन्ही पक्षांनी कुडकुडत, एकमेकांच्या शेजारी, त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत उभं राहायचं. एकदा कँटीनच्या भिंतीवर पोस्टर कुणी लावायचं यावरून दोन टोळकी हमरीतुमरीवर येऊन वर चढली. दहा वाजेपर्यंत डोंगर आलाच नाही. सव्वादहाला सरांनी डोळे उघडले तर गच्ची रिकामी. दोन्ही टोळकी खाली मिसळ खात होती. सरांनी वहीत लिहिलं, 'किमान नऊ. वारा नाही. तक्रार एक, विरघळली.'

ही वही म्हणजे हवामानाचीच वही. तापमान आणि तक्रारी एकाच ओळीत. पोस्टरची लांबी मोजायची पट्टी सर दर वर्षी हरवायचे आणि मग वितीनं मोजायचे. सरांची वीत मोठी आहे, त्यामुळे समोरच्याची मोठी पोस्टरंही नियमात बसतात आणि त्याला सूट मिळते, अशी तक्रार एका पठ्ठ्यानं केली. आता ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यानं वाचायची. सरांनी ती खड्या आवाजात, एक शब्द न गाळता वाचली, स्वतःचा पंजा उन्हात धरून खूप वेळ बघितला, आणि वहीत नोंद केली, 'कमाल सत्तावीस. वीत मोठी आहे. तक्रार मान्य.' दुसऱ्या दिवशी ते गावातून नवी पट्टी घेऊन आले.

शिकवता शिकवता सर मधेच थांबायचे. खिडकीबाहेर एखादा ढग चाललेला असायचा. वाक्य अर्धं टाकून सर त्याला वर्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचवायचे. तो दिसेनासा झाला की वळून विचारायचे, "कुठं होतो आपण?" कुणालाच सांगता यायचं नाही, कारण तोपर्यंत आम्हीही ढगाबरोबर गेलेलो असायचो. त्या वर्गाची आठवण आली की मला आजही अर्धवट झोपेतून उठल्यासारखं वाटतं. मी तेवढा सुखी पुन्हा कधी झालो नाही.

तिसऱ्या वर्षाला भूगोल घेतलेले आम्ही चौदाच जण होतो. त्यातले दोघं त्या हिवाळ्यात सचिवपदाला उभे राहिले. एक मी आणि दुसरी सुरगाण्याकडची, होस्टेलवर राहणारी एक मुलगी.

मी का उभा राहिलो, याचं धड उत्तर आजही माझ्याकडे नाही. मी पंचवटीतला. वडील यात्रेकरूंचे विधी करायचे, घरात पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळींचे गठ्ठे, बोलण्यात लहानपणापासून जडजड शब्द. भाषण ठोकता येतं एवढ्या भांडवलावर मित्रांनी मला घोड्यावर बसवलं. तिचं तसं नव्हतं. तिचं प्रचाराचं भाषण दोन मिनिटांचं झालं. ती म्हणाली, "आमचं प्रॅक्टिकल पाचला सुटतं. लायब्ररी पाचला बंद होते. होस्टेलच्या खोलीत चार मुली आणि एक बल्ब आहे. मग आम्ही वाचायचं कुठं? मी निवडून आले तर लायब्ररी आठपर्यंत उघडी ठेवायला लावीन. दुसरं काय मी करणार नाही." आणि ती खाली बसली. माझं भाषण वीस मिनिटं चाललं होतं. त्यात लायब्ररी नव्हती.

मतदानाच्या आदल्या दिवशी ती वर्गात एक फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आली. आईनं जीपवाल्याबरोबर पाठवलेल्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या भाकऱ्या आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी. नवी नागली. मधल्या सुट्टीत तिनं गाठोडं बाकावर सोडलं आणि सगळ्यांना भाकऱ्या वाटल्या. मलाही दिली. काळपट लालसर, जरा धुरकट वासाची भाकरी होती, आणि मला भूक लागलेली होती.

निकाल लागला. मी एका मतानं हरलो. दोनदा मोजलं, एकच.

हरण्यापेक्षा ते एक मत मला जास्त लागलं. मित्र चहाच्या टपरीवर नियमावली घेऊन बसले आणि त्यांना कलम सापडलं. मतदारांना आमिष म्हणून खाण्यापिण्याची वस्तू देऊ नये, दिल्यास उमेदवारी रद्द. "फिक्स आहे राव," एक जण म्हणाला, "भाकऱ्या वाटल्यात ना तिनं! लिही फक्त." मी लिहिली. लिहायला बसलो की हात आवरत नाही, हे आमचं घराण्याचं. 'सदर उमेदवाराने गरीब व अजाण मतदारांना अन्नाचे आमिष दाखवून त्यांची मते पदरात पाडून घेतली असून, ही बाब लोकशाहीला काळिमा फासणारी आहे.' वाचून दाखवली तेव्हा मित्रांनी टाळ्या दिल्या. मी खाल्लेल्या भाकरीबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला गच्चीवर आम्ही तिघंच. धुकं इतकं की पत्र्याचा कोंबडाही अर्धाच दिसत होता. सरांनी पेटी उघडून तापमान बघितलं, वहीत आठ लिहिलं, चष्मा खिशात टाकला. "या," ते मला म्हणाले. "आणा." माझा कागद त्यांनी न वाचता तिच्या हातात दिला.

तिनं तो वाचला. शाळेत धडा वाचतात तसा, सावकाश, स्पष्ट. 'गरीब व अजाण मतदारांना' इथं ती अडखळली नाही. मीच अडखळलो, ऐकताना. माझे शब्द तिच्या आवाजात इतके घाणेरडे वाटले की तिच्या हातातून कागद ओढून घ्यावासा वाटला. ती शेवटपर्यंत गेली. माझं नाव, वर्ग, दिनांकसुद्धा वाचला. मग कठड्यावर कागद ठेवून तिनं उत्तर लिहिलं आणि माझ्याकडे दिलं.

मी वाचायला लागलो. 'भाकरी वाटली हे खरं आहे. नियम मी वाचला होता. पण भाकरी म्हणजे त्यातलं असं माझ्या मनात आलं नाही. आमच्याकडं नवी नागली एकट्यानं खात नाहीत. आईनं वर्गाला पुरतील एवढ्या पाठवल्या. वर्गात सगळ्यांनी खाल्ल्या. तक्रारदारानंही खाल्ली.' पुढं अजून एक वाक्य होतं. मी थांबलो.

"पुढं वाचा," डोळे मिटलेले सर म्हणाले.

'दुसरी मागून घेतली.'

त्यानंतर आम्ही उभे राहिलो. डोंगराचा पत्ता नव्हता. खाली रस्त्यावरून एसटी गेल्याचा आवाज आला, कुठंतरी देवळात घंटा वाजली, सगळं लांबून, कापसातून आल्यासारखं. बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, "माझं पद गेलं ना, तरी लायब्ररीचं तू करशील का? तूच होशील ना मग सचिव." मला रडू येत होतं आणि थंडीचं निमित्त होतं, म्हणून मी नाक पुसत राहिलो.

मग उत्तरेला एक करडी रेघ उमटली. माथा, मग खांदा, मग पोट. सरांनी चष्मा लावला.

"एकच विचारतो," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "मत कुणाला दिलं ते सांगायचं नाही. ते तुमचं. भाकरी खाल्ली म्हणून तुमचं मत फिरलं?"

"नाही, सर."

"नक्की?"

"नक्की."

"ज्यानं तक्रार केली त्याच्याच तोंडून आमिष सिद्ध होत नाही. तक्रार फेटाळली." वही मिटली गेली. "चल रे गाढवा, चहा घेऊ. तूही चल गं. बोटं गारठली माझी."

मी खोटं बोललो नव्हतो. पण जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते असं, की मी त्या मतदानात स्वतःला मत दिलंच नव्हतं. आडोशाला जाऊन शिक्का हातात घेतला, दोन नावं बघितली आणि मनात आलं, मी तर निवडून येणारच आहे, बिचारीला कुणाचं मत पडणार? निदान आपलं एक पडू दे. मोठ्या मनानं शिक्का मारला, मतपत्रिकेची घडी घातली आणि स्वतःवर खूश होत बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी मोजणीत ती एका मतानं जिंकली. दया दाखवायला गेलो आणि तोंडावर आपटलो, म्हणून मला तिचा राग आला. तक्रारीमागं एवढंच होतं.

लायब्ररी आठपर्यंत उघडी राहायला लागली. संध्याकाळी मैदानातून बघितलं की त्या पिवळ्या खिडक्या आणि त्यांच्यात वाकलेली डोकी दिसायची. आठवडाभर मी बाहेरच घुटमळलो, मग आत जाऊन बसलो. ती तीन बाकं पलीकडे असायची. आमचं बोलणं पुस्तकांपुरतं झालं, त्याहून पुढं गेलं नाही. परीक्षा झाली आणि सगळे पांगले.

मी आता नकाशे तयार करणाऱ्या एका कंपनीत आहे. ही गोष्ट मनात घेऊन मी बरीच वर्षं मजेत राहिलो असं म्हणता येणार नाही. कुणी माझ्या चांगुलपणाबद्दल बोललं की मला तो आडोसा आठवायचा. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी उठलो आणि सरांच्या घरी गेलो. सर निवृत्त होऊन गुडघे धरून बसलेत असं कळलं होतं. बाल्कनीत खुर्ची, अंगात तोच स्वेटर, भिंतीला एक तापमापक, मांडीवर वही. मला बघून त्यांनी चष्मा काढला.

"या," सर म्हणाले. "बसा."

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. बसलो, आणि सगळं सांगून टाकलं. आडोसा, शिक्का, बिचारी हा शब्दसुद्धा. सर डोळे मिटून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "तुमच्या वर्गाची पेटी मी मोजली होती. ढिगात मिसळायच्या आधी. चौदा मतपत्रिका निघाल्या. चौदाही तिच्या."

मला कळायला वेळ लागला. चौदा म्हणजे माझ्या वर्गातले सगळे. माझ्या बाकावरचे, मला घोड्यावर बसवणारे, नियमावली शोधणारेसुद्धा. त्या वर्गात एकालाही मी हवा नव्हतो. मलाही नको होतो. मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

"म्हणजे तुम्हाला गच्चीवरच माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणून तर पंचाईत. भाकरी खाल्लेले चौदाच्या चौदा तिच्याकडे गेलेले. तक्रार खरीच निघायची. फक्त एक जण आड येत होता. स्वतः उमेदवार असलेल्याला दोन भाकऱ्यांत कोण विकत घेईल? म्हणून तेवढंच विचारलं."

"मग त्या वेळी मला बोलला का नाहीत?"

"मत गुप्त असतं. तुमच्या मतावर बोलायचा मला काय अधिकार?"

मी उत्तरेकडे बघितलं. बाल्कनीसमोर बारा मजल्यांची नवी इमारत उभी होती, तिच्या प्रत्येक गॅलरीत कपडे वाळत होते.

"इथून रामशेज दिसत नाही आता," सर म्हणाले. "त्यामुळे मला निकाल देता येत नाही." त्यांनी वहीतलं एक पान फाडलं. ते वहीचं पान फाडतील असं मला कधीही वाटलं नसतं. पान आणि पेन माझ्यापुढं धरलं. "लिहा. आणि वाचायचं कुणी, ते तुम्हाला माहीत आहे."

मी लिहिलं. या वेळी जड शब्द एकही आला नाही. सहा ओळींत संपलं. सरांनी ते वाचलं नाही, घडी घालून माझ्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पेठवरून जाऊ नकोस रे गाढवा, रस्त्याचं काम चालू आहे. वणीवरून जा."

ती सुरगाण्यापुढच्या एका गावात शाळेत शिकवते. शेवटचा टप्पा जीपनं गेलो, दाटीवाटीनं, पाय पोत्यावर ठेवून. शाळा सुटायची वेळ होती. ती वऱ्हांड्यात उभी होती. मला तिनं लगेच ओळखलं, फक्त का आलोय ते तिला कळेना. मी कागद पुढं केला. तिनं घडी उघडली, माझं अक्षर बघितलं, आणि तिला गच्ची आठवली असावी, कारण ती सरळ मोठ्यानं वाचायला लागली.

'मी मला मत दिलं नव्हतं. तुला दिलं होतं. तू चांगली आहेस म्हणून नाही, कीव आली म्हणून. मग तू जिंकलीस तेव्हा राग आला. तक्रारीत ज्यांना मी गरीब आणि अजाण म्हटलं त्यांच्यात मी होतो. माझं चुकलं.'

तोच आवाज होता, सावकाश आणि स्पष्ट. 'कीव' या शब्दावर ती थांबली, आणि मग पुढं गेली. वाचून झाल्यावर तिनं समोरच्या डोंगरांकडे बघितलं. तिथं धुकं नव्हतं, ऊन होतं, सगळे डोंगर स्वच्छ दिसत होते. मला वाटलं, आता ही मला जा म्हणेल, आणि मी गेलो असतो. ती कागद पदरात धरून शाळेमागच्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा हातात ताटली होती. काळपट लालसर भाकरी, बाजूला खुरासणीची चटणी.

"खा," ती म्हणाली. "आता काय निवडणूक नाय."

मी वऱ्हांड्याच्या पायरीवर बसून खाल्ली. दुसरी मागून घेतली.